शेवंतीची बहीण

माझा स्वभाव संशयी आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला पकडलं असं नको व्हायला. दुधाच्या पातेल्याला आतून खूण करून ठेवणं, काडेपेटी कानाशी हलवून पाहणं, शेजारीण "सहजच आले" म्हणाली की ही सहज कशाला येईल याचा दोन दिवस विचार करणं, हे सगळं मी केलेलं आहे. शाळेत या स्वभावाचा फायदाच झाला. माझ्या वर्गात कॉपी करून कुणी पास झालं नाही. घरी मात्र माझा मलाच त्रास व्हायचा, आणि तो सगळ्यात जास्त झाला झाडांपायी.

गडचिरोली जिल्हा चंद्रपुरातून वेगळा होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. एटापल्लीच्या वाटेवरच्या एका गावात, मुलींच्या शाळेत मी विज्ञान शिकवायचे. शाळेच्या मागे दोन खोल्या होत्या, त्यात मी एकटी राहायचे. खोल्यांपुढे व्हरांडा, आणि व्हरांड्यात बुरडाकडून करून घेतलेली बांबूची मांडणी. त्या मांडणीवर फक्त एकाच कुळातली झाडं ठेवायची असा मी हट्ट धरला होता.

ते कूळ शेवंतीचं. झेंडू त्यातलाच, सूर्यफूलही त्यातलंच, आणि शाळेच्या कुंपणाशी माजलेलं गाजरगवतसुद्धा त्यातलंच. या कुळाची ओळख अशी की ज्याला आपण एक फूल म्हणतो ते एक नसतंच. देठावर शंभर बारीक फुलांचा मेळा दाटीवाटीनं बसलेला असतो, आणि कडेची मंडळी पाकळ्या असल्याचं सोंग घेतात. नववीच्या मुलींना मी ब्लेडनं शेवंती उभी चिरून हे दाखवायचे. समोर एक दिसतं आणि आत शंभर निघतात, असलं कूळ मला आवडावं यात काही नवल नाही.

माझ्याकडे पिवळ्या डेझीचं एक झुडूप होतं. पानं कातरलेली, हिवाळ्यात अंगभर फुलं. करवंटीतून लोंबणारी मण्यांची वेल होती, तिचे हिरवे मणी म्हणजेच तिची पानं, पाणी साठवून गोल झालेली. आणि तिसरं होतं ते माझं खरं धन. निळसर राखाडी रंगाच्या, बोटाएवढ्या कांड्या, एकीवर एक जोडलेल्या. हिवाळ्यात टोकाला पानांचा झुपका, खालच्या अंगानं जांभळा. नागपूरच्या फुलांच्या प्रदर्शनात एका म्हाताऱ्या माळ्यानं मला त्याच्या तीन कांड्या वर्तमानपत्रात गुंडाळून दिल्या होत्या.

"शेवंतीची बहीण आहे बाई ही," तो म्हणाला.

माझा विश्वास बसला नाही. परतीच्या प्रवासात एसटीत ते पुडकं मांडीवर घेऊन बसले, आणि घरी आल्यावर आधी पुस्तक काढून पाहिलं. म्हातारा खरं बोलत होता.

गावात मात्र कुणाला ते पटेना. येणारी प्रत्येक बाई म्हणायची, हे तर निवडुंग. शाळेतल्या शिक्षिकाही हसायच्या. शेवंतीचं काय, उद्या तुम्ही कोरफडीला गुलाबाची आत्या म्हणाल. "फुलू द्या, मग बोला," मी म्हणायचे. फुलाशिवाय कूळ सिद्ध होत नाही, आणि ते काही फुलायचं नाव घेत नव्हतं. त्यामुळे एकेक कांडी मला जपायची होती.

आता जपायचं म्हणजे कुणापासून, तर सगळ्यांपासून. आमच्याकडे बायकांचा पक्का समज असतो की मागून नेलेल्या रोपापेक्षा न विचारता खुडून नेलेलं रोप चांगलं लागतं. त्याला कुणी चोरी म्हणत नाही. चांगल्या घरच्या, चार माणसांत मान असलेल्या बायका बोलता बोलता शेंडा मोडतात आणि पदरात टाकतात. मी तोंडानं बोलायचे आणि डोळ्यांनी हात सांभाळायचे. चहा करायला आत जायची वेळ आली की पाहुणीलाही स्वयंपाकघरात घेऊन जायचे. आणि दर शनिवारी सकाळी शाळा सुटली की कांड्या मोजायचे.

दुसऱ्या हिवाळ्यात त्या चौदा झाल्या होत्या. एका शनिवारी तेरा भरल्या.

पुन्हा मोजल्या. तेराच. त्या आठवड्यात कुणी पाहुणी आलेली नव्हती. व्हरांड्यात रोज पाय ठेवणारं माझ्याखेरीज एकच माणूस होतं, आणि ते म्हणजे मावशी. माझ्या मनात पाल चुकचुकली.

मावशी म्हणजे शाळेची शिपाई. पाणी भरणं, झाडझूड, घंटा देणं, माझ्या कुंड्यांना पाणी घालणं, सगळं तीच करायची. वयानं माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठी, पण मी तिला तू म्हणायचे, सगळेच म्हणायचे. ती सूरजागडच्या डोंगराकडच्या एका गावची, गोंड घरातली. नवरा वारलेला, एक मुलगी आमच्याच शाळेत सहावीत. गावाच्या टोकाला भाड्याची झोपडी. आठ वर्षं ती रोजंदारीवर होती, आणि त्या वर्षी तिला कायम करायचं घाटत होतं. तिच्या गावात शाळा चौथीपर्यंत. मावशी इथे टिकली तर मुलगी शिकणार. हे तिनं रडून-भेकून कधी सांगितलं नाही. एकदा घंटेचा हातोडा हातात धरून मधली सुट्टी व्हायची वाट पाहत उभी असताना म्हणाली, "बाई, कायमचा कागद आला का पोरगी मॅट्रिक होते. नाई आला तं माह्यासारखी होते." आणि टोल हाणला.

हे सगळं मला माहीत होतं. तरी त्या शनिवारी संध्याकाळी ती घरी निघाली तेव्हा मी पायरीवर उभी राहून म्हणाले, "मावशी, पिशवी दाखव."

तिनं माझ्याकडे पाहिलं. काऊन असंही विचारलं नाही. खांद्यावरची कापडी पिशवी उतरवली, दोन्ही हातांनी तिचं तोंड फाकवलं आणि माझ्यापुढे धरली. आत डबा, अंबाडीच्या भाजीची जुडी आणि पळसाची थोडी पानं होती.

"हं," मी म्हणाले.

सोमवारपासून मला सांगावं लागलं नाही. रोज घंटा देऊन झाली की ती माझ्या पायरीशी यायची, पिशवी उघडून धरायची, मी "हं" म्हणायचे आणि मग ती जायची. रागावली आहे की नाही हे तिच्या चेहऱ्यावरून कळायचं नाही, आणि त्यामुळे माझा संशय वाढायचा. जो रागावत नाही त्याच्या मनात काहीतरी असणार, असा माझा हिशेब. तिच्या गावचं कुणी भेटलं की ती गोंडीत बोलायची. मला ती भाषा येत नव्हती. माझी खात्री असायची की बोलणं माझ्या कुंडीबद्दलच चाललंय.

त्याच हिवाळ्यात आई माझ्याकडे आली. चार दिवस राहणार होती. पहिल्याच संध्याकाळी ती व्हरांड्यात गहू निवडत बसली असताना मावशी आली, पिशवी उघडली, मी "हं" म्हटलं. आईनं मान वर करून पाहिलं. रात्री ताटावर बसल्यावर तिनं विचारलं, "त्या बाईची ओटी काऊन पाह्यतेस?"

"ओटी नाही आई. पिशवी."

"आन् थे 'हं' कोणापासून शिकली?"

हे मला इथे समजावून सांगावं लागेल. सिंदेवाहीकडच्या एका खेड्यात मी वाढले, सगळा धानाचा मुलूख. आई दुसऱ्याच्या खळ्यावर मजुरीला जायची. संध्याकाळी खळ्याच्या फाटकाशी मालकाचा दिवाणजी बाजेवर बसलेला असायचा. बायका रांगेनं त्याच्यापुढे येऊन ओटी सोडायच्या, पदर झटकायच्या, धानाचा एक दाणा अंगावर नाही हे दाखवायच्या. गावात कुठेही काही हरवलं की पहिली झडती आमच्या वस्तीत व्हायची, तशीच ही रोजची. दिवाणजी तोंडानं बोलायचा नाही. "हं" म्हणायचा, की पुढची बाई. मी आईच्या लुगड्याला धरून त्या रांगेत उभी राहिलेली आहे. बाबांनी दीक्षा घेतली त्या वर्षापासून त्यांनी आईला त्या खळ्यावर पाठवणं बंद केलं आणि मला शाळेत घातलं.

आईनं एवढं विचारल्यावर शहाण्या माणसानं गप्प बसायला हवं होतं. मी चिडले. शाळेत मी मुद्दाम शुद्ध बोलायचे, पण चिडले की माझी भाषा आपोआप घरी जायची. "इथी चोऱ्या होऊन राह्यल्या, तुले काय मालूम!" मी ओरडले. आईनं ताटात हात धुतला. चार दिवस राहणारी बाई सकाळच्या पहिल्या गाडीनं परत गेली. आणि मला राग कुणाचा यावा, तर मावशीचा.

मार्च सरता सरता त्या झाडानं पानं टाकायला सुरुवात केली. एप्रिलमध्ये नुसत्या कांड्या उरल्या, तळाशी सुरकुतलेल्या. बाहेर ऊन असं की दुपारी व्हरांड्याची फरशी पायाला पोळायची. डेझीचं झुडूप करपत चाललं होतं, मण्यांच्या वेलीचे मणी चपटे होऊन गळत होते. मी सकाळ-संध्याकाळ पाणी वाढवलं. आपल्याकडे उन्हाळ्यात झाड मान टाकतंय म्हटलं की पाणी घालायचं, याच्यापुढे कुणाचं डोकं चालत नाही. माझं तरी कशाला चालेल?

मावशी एकदा लोटा हातात धरून थांबली. "बाई, याले पाणी नका देऊ. हे झोपून राह्यलं."

"झाड झोपतं का मावशी?"

"कांदे नाई झोपत का? जंगलात किती कांदे हायेत, उन्हाळ्यात वरून काईच दिसत नाई. पाणी देसान तं सडन."

मी विज्ञानाची शिक्षिका. मला चौथी शिकलेली शिपाई वनस्पतिशास्त्र शिकवणार? शिवाय संशय होताच की हिला पाणी भरायचा कंटाळा आलाय. मेमध्ये मला शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी महिनाभर नागपूरला जायचं होतं. निघताना मी बजावलं, "रोज संध्याकाळी एक लोटा पाणी. तुझं शहाणपण नको. सांगितलं तेवढं कर." आणि जाण्याआधी कांड्या मोजल्या. तेरा.

मेच्या शेवटी परत आले. डेझीच्या झुडपाची काटकी झाली होती. करवंटीत वाळलेला दोरा लोंबत होता. ते दोन्ही जातील हे मी मनाशी धरलं होतं. पण माझ्या धनाची कुंडी रिकामी होती. मेलेली नाही, रिकामी. माती हातानं सपाट केलेली.

मी पिशवी न उतरवता तशीच मावशीच्या झोपडीवर गेले. ती दारात टोपली सारवत बसली होती. "माझं झाड कुठाय?"

"हाय बाई."

"कुठे आहे? दाखव."

"मृग लागला का देतो. ठेवलं हाय."

"आत्ता दाखव!"

तिनं शेणाचे हात तसेच धरले आणि मान हलवली. "आमच्या घरी बियाण्याचं तोंड मृगाआधी नाई उघडत. माह्या मायनं नाई उघडलं, मी बी नाई उघडत. आठ-दहा दिवसाची तं गोष्ट हाय बाई."

रोज न सांगता पिशवी उघडणारी बाई पहिल्यांदा मला नाही म्हणत होती. तेवढ्यावरून मी ओळखलं की झाड गेलं. कुणाला तरी दिलं, आणि आता मुदत मागून वेळ काढतेय. तिच्या दारातच उभी राहून मी जे बोलले ते इथे लिहिणार नाही. मुलगी आतून ऐकत होती एवढं सांगते.

पुढचे दोन दिवस मी गावात हेरगिरी केली. जंगल खात्यातल्या एका साहेबांच्या बंगल्यावर नवी कुंडी आली आहे, वर गोणपाट टाकलेलं आहे, असं कानावर आलं. साहेबांच्या पत्नी माझ्या कुंडीपाशी नेहमी जरा जास्तच रेंगाळायच्या. मी काहीतरी निमित्त काढून गेले, आणि त्या सरबत करायला आत वळताच गोणपाट उचललं. खाली कोरफड होती. तिचा एक काटा बोटात घुसला. तरी माझं समाधान झालं नाही, मला वाटलं झाड मागच्या अंगणात ठेवलं असेल.

तिसऱ्या दिवशी मोठ्या बाईंनी मला बोलावलं. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. त्यांच्या टेबलावर मावशीला कायम करण्याचा प्रस्ताव होता. त्यांनी आपला शेरा चांगला लिहिला होता. शाळेच्या आवाराची आणि सामानाची जबाबदारी माझ्याकडे, म्हणून खाली माझा अभिप्राय हवा होता.

मी पेन काढलं आणि एक ओळ लिहिली. कामाला बरी आहे, पण वस्तूंच्या बाबतीत भरवसा ठेवता येणार नाही. खाली सही केली.

मोठ्या बाईंनी ती वाचली, चष्मा काढला. "एका कुंडीवरून?"

"कुंडीवरून नाही. स्वभावावरून."

"चार दिवस थांबूया का? मृग लागेपर्यंत? झाड काढताना तिनं मला विचारलं होतं." त्यांनाही मावशीनं तेच सांगितलं असणार. यातही मला काहीतरी पाणी मुरताना दिसलं.

"मला जे वाटतं ते मी लिहिलं. हवं तर तुम्ही पाठवू नका, मी कोण तुम्हाला सांगणार," मी म्हणाले. असं म्हटल्यावर त्या थांबवणार नाहीत हे मला माहीत होतं. कागद दुपारच्या टपालानं शाळेच्या संस्थेकडे गेला.

मृग लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी माझ्या पायरीशी आली. पाऊस नव्हता, ढगही नव्हते, नुसतं पंचांगात नक्षत्र लागलं होतं. तिच्या हातात पळसाच्या पानांचं एक गाठोडं होतं, सालीच्या दोरीनं आवळून बांधलेलं, धुरानं पार काळं झालेलं. ती पायरीवर बसली, दोरी सोडली, पानं एकेक करून उलगडली. आत राख होती. राखेत तिनं हात घातला आणि माझ्या कांड्या फरशीवर ओळीनं मांडल्या. तेरा. सुरकुतलेल्या, पण घट्ट. प्रत्येकीच्या टोकाला मोहरीएवढा हिरवा डोळा.

"कुंडीत सडून राह्यलं होतं बाई. तुमी गेल्या तवा एक कांडी खालून नरम झाली होती. मी काढून घेतलं, सडलं तेवढं कापलं, राख लावली न् चुलीवर टांगलं. आमी कांदेबी तसेच ठेवतो." तिनं हाताची राख पदराला पुसली. "तुमाले पुसाले पाह्यजे होतं. पण तुमी नागपूरले. मोठ्या बाईले म्हटलं तं त्या म्हणे, तुले समजते तसं कर."

मला बसायला पायरी सापडेना. मी उभ्या उभ्याच त्या तेरा कांड्यांकडे बघत राहिले. मी तिला काय सांगायला हवं होतं हे मला तेव्हाही कळत होतं. मी सांगितलं नाही. मी म्हटलं, "चहा घेतेस का मावशी?" ती हसली. तिला वाटलं, बाईचा राग गेला.

मी धावत मोठ्या बाईंकडे गेले. त्या काही लागेल असं बोलल्या नाहीत, कोरा कागद पुढे सरकवला. मी दुसरं पत्र लिहिलं, आधीचा अभिप्राय गैरसमजातून दिला होता, मागे घेते. टपालाचा भरवसा नव्हता, म्हणून स्वतः एसटीनं गडचिरोलीला संस्थेच्या कार्यालयात नेऊन दिलं. तिथल्या कारकुनानं दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले.

"मॅडम, एकच माणूस, एकच महिना. यातलं खरं कोणतं समजायचं?"

"दुसरं."

"काऊन बदललं मत? कोणी दबाव आणला काय?" त्यानं माझ्याकडे बारीक डोळ्यांनी पाहिलं. ती नजर मी ओळखत होते, आरशात रोज पाहायचे. मी झाडाची गोष्ट सांगायला लागले, राख, पळसाची पानं. सांगता सांगता माझ्याच लक्षात आलं की ही थाप वाटतेय. त्यानं दुसरं पत्र पहिल्याच्या खाली टाचलं.

जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. कायम शिपाई आल्यावर रोजंदारीची गरज उरली नाही. दिवाळीआधी मावशीचं काम बंद झालं. का झालं हे तिला कुणी सांगितलं नाही. मोठ्या बाईंनी माझं नाव घेतलं नाही, आणि मी घेतलं नाही. तिनं नशिबावर ढकललं आणि गावी जायची तयारी केली. आमच्या शाळेला कारकून नव्हता, शाळा सोडल्याचे दाखले मीच लिहायचे. तिच्या मुलीचा दाखला मी लिहिला. शाळा सोडण्याचं कारण या रकान्यात काय लिहू म्हणून मी बराच वेळ पेन धरून बसले. मग लिहिलं, पालकाचे स्थलांतर.

दिवाळीच्या रंगरंगोटीला बांबूची मांडणी भिंतीपासून ओढली, तेव्हा मागे फरशीच्या भेगेत एक कांडी उभी दिसली. चौदावी. कधीतरी आपोआप निखळून पडली होती आणि तिथेच मुळं धरून दोन कांड्या वर चढली होती. त्या झाडाची ती रीतच आहे, सांध्यात सुटतं आणि पडेल तिथे लागतं. पुस्तकात ते लिहिलेलंही होतं. मी कूळ तेवढं वाचलं होतं.

त्या हिवाळ्यात ते फुललं. उंच दांड्यावर बिनपाकळीची, मळकट पांढरी, छोटी छोटी गोंडेदार फुलं. एक खुडून ब्लेडनं चिरलं तर आत बारक्या फुलांचा तोच मेळा. शेवंतीची बहीण, शंका नको. वास मात्र ओल्या पोतेऱ्यासारखा. शाळेतल्या सगळ्या बायका बघायला आल्या, नाक मुरडत कबूल करून गेल्या. मी जिंकले होते आणि मला ते कुणाशी बोलावंसं वाटत नव्हतं. त्यानंतर दर मार्चअखेर मी कांड्या काढते, राखेत घोळते, पळसाच्या पानात बांधते. माझ्या गॅसच्या शेगडीला धूर नाही, म्हणून नुसत्याच टांगते.

मावशी मला पुन्हा एकदाच भेटली. दोन वर्षांनी, एटापल्लीच्या आठवडी बाजारात. गोणपाटावर चारोळी आणि सुकवलेली मोहफुलं घेऊन बसली होती. माझा पाय तिथून मागे फिरत होता, पण तिनं आधी पाहिलं. "बाई!" म्हणत उठली. खरोखर आनंदानं उठली. मुलीचं विचारलं तर म्हणाली, लग्न झालं, पलीकडच्या गावात दिली, बरं हाय. मुलगी तेव्हा पंधराचीही नसेल.

"थे झाड हाय का बाई?"

"आहे. फुललं."

"शेवंतीसारखं?"

"आतून शेवंतीसारखं. वास घाण."

ती मनापासून हसली. मी म्हटलं, मावशी, तुला एक सांगायचं होतं. ती म्हणाली, सांगा ना. बाजारात गलका होता, शेजारी कुणी कोंबडीचा भाव करत होतं, आणि मी म्हणाले की तू म्हणत होतीस ते खरं होतं, झाड झोपतं. ती म्हणाली, हो बाई, झोपते.

मी निघाले. तिचीही उठायची वेळ झाली होती. तिनं गोणपाट झटकून घडी केली, उरलेली चारोळी पिशवीत भरली आणि पिशवी खांद्याला लावण्याआधी, बोलता बोलता, तिच्या नकळत म्हणा, दोन्ही हातांनी पिशवीचं तोंड फाकवून माझ्यापुढे धरलं.

मी आत पाहिलं नाही. मी तिच्या तोंडाकडे पाहत होते, काहीतरी म्हणायचा प्रयत्न करत होते. ती पिशवी तशीच धरून उभी होती. गाडीचा हॉर्न वाजला तरी उभी होती. तिला जायचं होतं आणि ती थांबली होती.

"हं," मी म्हणाले. मग ती गेली.